आईवर गेला, बापावर गेला

धाड-बुलढाणा बसमध्ये रेणुकाच्या मागच्याच सीटवर एक आत्या आणि आयझॉलच्या क्लबात गोलकीपर असलेला तिचा उंचच उंच भाचा बसला होता. रेणुकाने पुस्तकात तोंड खुपसलं, पण कान मागेच!

"धम्मा, सासरी चालल्यावानी तोंड काऊन केलं?"

"जिंकलो की तिथं म्हणतात, मिझो आईवर गेला. गोल खाल्ला की धाडच्या बापावर!"

"अन् धाडात?"

"धाडात विचारतात, मोमोज कितीले?"

"मंग इथंच राह्य, मोमोज वीक."

"मजाक नको, आत्या. मी फायनल नाही खेळत. बुलढाण्याहून तुह्यासंगंच वापस येतो."

"ये. पण घराले कुलूप हाय. मी आयझॉलले चालली."

"तू? काऊन?"

"तुह्या जाळीमागं बसाले. तू बॉलकडं पाह्य बे. तुह्या बापावर बोलणाऱ्याइले मी पाहून घेते."