सुरीनं किती दाबावं

प्रेरणा : साहेब खोटं बोलायलाय, शैला. ट्रेनिंग सेंटरच्या खुर्चीत बसलाय म्हणून काय बी बोलावं? "कमठाण्याच्या बायकांचा हात जड, त्यांनी मशीन बिघडवली." आगं, ह्या मशीनला हात लागतो कुठं? बटन दाबलं की सुरी आपली आपण फिरती, स्टिकर कापती.

शैलश्री : हळू बोल. भिंतीपल्याड माझा चुलता हाय, साहेबाचा दोस्त.

प्रेरणा : मग तर मोठ्यानं बोलते.

शैलश्री : बोलून काय? दुपारी गाडी घेऊन यायलाय त्यो. सेंटरनं दिलेली मशीन उचलणार, भालकीच्या संघाला देणार. आन् आपल्या संघातल्या बायका परत दुसऱ्याच्या रानात तुरी कापायला.

प्रेरणा : दुपार व्हायला येळ हाय. पेचकस दे.

शैलश्री : उघडतीस? आत हात लावायचा न्हाई मनला हुता साहेब.

प्रेरणा : आमचाच हात जड, आन् आमीच हात लावायचा न्हाई. मग मशीन बिघडवली कशानं, डोळ्यानं? दे.

शैलश्री : थांब, आधी हे बघ. तुमच्या विहारातल्या वाचनालयाची पाटी काल कापली न्हाई का? वर कन्नड, खाली मराठी. कन्नड कसं अलगद सुटून आलं. आन् मराठी बघ.

प्रेरणा : वरचा रंगाचा पापुद्राच कापायचा आसतो. हितं खालचा कागद बी फाटलाय. पण सगळीकडं न्हाई गं. 'च'च्या कोपऱ्यात फाटलाय, 'ल'च्या दांडीला फाटलाय. मधी चांगला हाय.

शैलश्री : साहेब मनतो, मशीनला मराठी झेपत न्हाई.

प्रेरणा : मशीनला कुठली आलीय भाषा? तिला रेघ तेवढी कळती. कन्नड अक्षर कसं आसतंय, सांग.

शैलश्री : जिलबीवाणी. सुरी एकदा टेकली की फिरतच जाती.

प्रेरणा : आन् मराठी?

शैलश्री : डोक्यावर रेघ, खाली दांडी. कोपरा आला की सुरी उचलती, वळती, परत टेकती.

प्रेरणा : टेकती का आपटती? चालू कर. कान दे.

शैलश्री : टक. टक. व्हय गं, आपटायलीय. नवी हुती तवा मांजरावाणी पाय टाकायची.

प्रेरणा : जोर कमी करून बघितलीस?

शैलश्री : बघितले की. एक नंबर खाली आणला की रंगाला बी ओरखडा न्हाई. एक वर नेला की खालच्या कागदासगट फाडती. मधलं कायच न्हाई. माझ्या सासूवाणी. एक तर बोलणार न्हाई, बोलली की आरपार.

प्रेरणा : मधलंच कायतरी गेलंय तिचं. धर हे झाकण. आता बघ, सुरीच्या डोक्यावर काय हाय?

शैलश्री : स्प्रिंग. एवढुशी? पेनात आसती तसली. मी समजत हुते मोटारच सुरीला दाबती.

प्रेरणा : मोटार स्प्रिंगला दाबती, स्प्रिंग सुरीला. पण कामून? मोटारीनं नीट सुरीलाच दाबलं आसतं तर? मधी ही बया कशाला?

शैलश्री : भाकरी.

प्रेरणा : भूक लागली का तुला?

शैलश्री : न्हाई गं, ऐक. आईचा हात मोडला तवा बोटांपर्यंत प्लास्टर हुतं. तरी बसली थापायला. दर भाकरीला भगदाड. ती मनली, बोट लवत न्हाई, मग हाताला कसं कळावं पीठ कुठं जाड, कुठं पातळ? ही स्प्रिंग मंजे मशीनचं लवणारं बोट. कागद जरा उंच आला की दबती, सुरीला वर सरकू देती.

प्रेरणा : आन् सुरी खाली टेकताना धक्का आपल्या आंगावर घेती. म्हणून आवाज येत नव्हता. बराबर. मग आता दाब तिला बोटानं.

शैलश्री : दबत न्हाई. वेढ्याला वेढा चिकटलाय. स्प्रिंग कशाची, खिळा झालाय. हे लाल काय हाय, गंज?

प्रेरणा : गंज हाय थोडा. पण हे बोटाला चिकटायलंय. गंज कुठं चिकटतो?

शैलश्री : आगं, मुंग्या!

प्रेरणा : कुठं?

शैलश्री : हितंच. दसऱ्यापासनं ह्या मशीनवर मुंग्या हायेत. रोज सकाळी मी झाडते. मला वाटलं, तू हितं बसून चहा पितीस, सांडत आसंल.

प्रेरणा : मी बिनसाखरेचा पिते.

शैलश्री : मग गोड कुठनं आलं?

प्रेरणा : गोड, आन् लाल. दसऱ्यापासनं. इचार कर.

शैलश्री : कुंकू. नारळाचं पाणी. आयुधपूजेला आलता न्हाई का साहेब!

प्रेरणा : मी मनले हुते त्याला, आमच्यात पूजा न्हाई, तुमची हुंद्या, पण मशीनवर पाणी नगा टाकू. तर मला मनला, तू जरा बाजूला उभी ऱ्हा, फोटो काढायचाय.

शैलश्री : मी इभूतीची बोटं झाकणावर वढली, बाहेरनं. झाकण त्यानंच उघडायला लावलं, आतलं बी फोटोत दिसावं म्हणून. कुंकवाची मूठ टाकली आन् वरनं नारळाचं पाणी शिंपडलं. मी पदरानं पुसायला गेले, तर माझा हात धरून काय मनला...

प्रेरणा : "प्रसाद पुसायचा नसतो, अक्का."

शैलश्री : तसंच मनला. आन् पाणी वाळलं तिथल्या तिथं, पाकावाणी. आता धुतलं तर पाप तर लागणार न्हाई ना गं?

प्रेरणा : तुमच्यात काम करणारा देवाला आवडतो मनतीस न्हवं? मग मशीन चालती केली हीच पूजा धर.

शैलश्री : वाटीत कोमट पाणी आणते. जुना ब्रश बी आणते.

प्रेरणा : सावकाश. तार वाकवू नगस, वाकली तर तिचा जोर बदलतो. आता पुस. शिलाई मशीनच्या तेलाचं एकच बोट लाव. दाब.

शैलश्री : दबली. आन् बघ, कशी उठली परत! परत दाबू?

प्रेरणा : खेळायलीस काय? बसव. पहिल्यावाणी नंबर ठेव आन् 'क्ष' काप. जेवढे कोपरे तेवढं चांगलं.

शैलश्री : टक वाजलं न्हाई.

प्रेरणा : सोलून बघ.

शैलश्री : आलं. पुरं आलं. खाली कागद जशाला तसा. प्रेरणा, वाचनालयाचं सगळं परत कापू?

प्रेरणा : काप. साहेब येईपर्यंत काप.

(बाहेर गाडी थांबते. साहेब दारात.)

साहेब : चला, मशीन बाहेर काढा. मी आधीच म्हणालो होतो, नाजूक वस्तू आहे, तुमचा हात जड पडतो.

शैलश्री : या साहेब. चहा ठेवू? बिनसाखरेचा हाय.

साहेब : वेळ नाही मला. हे झाकण कशाला उघडलंत? कुणी सांगितलं?

प्रेरणा : पहिल्यांदा तुमीच सांगितलं. दसऱ्याला.

साहेब : कोड्यात बोलू नका, बाई.

प्रेरणा : कोडं न्हाई, पाटी हाय. वाचा. मराठी हाय. पलटून बघा, मागं एक ओरखडा दिसला तर सांगा.

साहेब : बरं, चालू झाली, छान झालं. पण वर कळवून झालंय की कमठाण्याच्या बायकांनी बिघडवली. भालकीला शब्द दिलाय मी. आता ते फिरवता येत नाही.

प्रेरणा : मग ही वाटी बी संगं न्या. स्प्रिंग धुतलेलं पाणी हाय. वास घ्या.

साहेब : मी वास घ्यायला आलेलो नाही.

शैलश्री : थांबा साहेब. मी बोलते. मोठ्यानं बोलते, चुलत्याला बी ऐकू जाऊंद्या. दसऱ्याचा फोटो तुमच्या हापिसात खुर्चीमागं लावलाव. मी बघितलाय. त्यात उघड्या मशीनवर नारळ धरलेला एक हात हाय, हातात घड्याळ हाय. मशीन गाडीत चढवायच्या आधी तेवढं सांगा. त्यो हात कुणाचा हाय?