लहानूभाऊ बिडी ओढत नव्हता

मायबहिणींनो, भावांनो, कामं टाकून तुम्ही लहानूभाऊच्या शोकसभेले आले. समोर त्याच्या घरच्या, शेवंतावहिनी बसल्या आहेत. त्यायच्याकडे पाहून मले बोलणं जड जाऊन राह्यलं. मी नामदेव. शेठजींच्या बंदुकीच्या दुकानात बारा वर्षं लहानूभाऊच्या शेजारी बसून काडतुसं भरली. शेठजीही आले आहेत, पहिल्या रांगेत. बरं झालं आले.

लहानूभाऊ बिडी पेटवायले गेला अन् बारूद उडाली, असं सारा पांढरकवडा बोलून राह्यला. पोलिसांच्या कागदावरही तेच आहे. अहो, लहानूभाऊनं जन्मात बिडी ओढली नाही. दुसऱ्याच्या धुरानं त्याले ठसका लागे.

काडतूस भरायले उजेड कसा पायजे, हे त्याच्यापासून शिकावं. उजेड डाव्या हातून यावा, म्हणजे बारुदीच्या मापावर हाताची सावली पडत नाही. काडतुसाच्या तळापर्यंत नजर गेली पायजे. नाही गेली तर बारूद दोनदा पडते, अन् बंदूक रानडुकरावर नाही, शेताच्या रखवालदाराच्याच तोंडावर फुटते. म्हणून त्यानं बाक खिडकीले लावला. खिडकीले काच बसवली. आभाळ आलं की कंदील काचेच्या बाहेर टांगे. मले म्हणे, "नाम्या, उजेड आत येऊ दे, आग बाहेर राहू दे." शेठजी, यात न समजण्यासारखं काय होतं?

यंदा शेठजींनी खिडकीले लागून शेड टाकली. बाकावर भरदुपारी अंधार. लहानूभाऊ तीनदा बोलला, "शेठजी, चार कौलं काढून काच बसवा." शेठजी म्हणे, "दिवाळीनंतर पाहू. तोवर रॉकेलची चिमणी घे." चिमणी त्यानं घेतली नाही. बाक ओढून दारापाशी आणला.

मग आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा. बाकावर बंदुका मांडल्या, मापं मांडली. लहानूभाऊ बारुदीचा डबा मागच्या खोलीत न्यायले लागला. शेठजी म्हणे, "राहू दे. तिच्यावरच आपलं पोट आहे. तिलेही हळदकुंकू वाहू." अन् झाकण काढायले लावलं. लहानूभाऊ म्हणे, "मग निरांजन तरी दूर ठेवा." त्यावर शेठजी काय म्हणाले, ते सगळ्यायच्या कानावर जाऊ द्या. म्हणाले, "धर्म बदलला, तर आता आमचा दिवाही चालत नाही काय तुले?"

लहानूभाऊ झाकण हातात घेऊनच उभा राह्यला. चार वर्षांआधी बुद्धाची दीक्षा घेतलेला माणूस, काय बोलणार? बोलला असता तर भांडखोर ठरला असता. त्याले दिव्याचा राग कायले असेल? दिव्याचा विचार त्याच्याइतका या गावात कोणी केला?

निरांजन मी पेटवलं. शेठजींनी सांगतलं, मी पेटवलं, मीच बाकावर ठेवलं. दारातून वारा आला, वात डब्याकडे झुकली. लहानूभाऊनं आम्हा दोघायले मागं लोटलं अन् झाकण टाकायले धावला. झाकणाआधी ठिणगी पोचली. शेठजी, तुमच्या अंगावर एक ओरखडा नाही. माझ्याही नाही.

अन् कागदावर बिडी लिहिली. काहून? पूजेले कोणी दोष देत नाही, अन् धर्म सोडलेल्या माणसाचा दोष कोणालेही पटते, म्हणून.

त्या कागदावर माझी सही आहे. नोकरीच्या भेवानं केली. वहिनी, हे तुमाले आज पहिल्यांदा कळून राह्यलं. मले माफ करू नका. पण तुमच्या पोरायले त्यायचा बाप बिडीपायी मेला, असं कोणी म्हणू नये, एवढं मी करणार.

आता सगळे उभे राहा. लहानूभाऊसाठी दोन मिनिटं चूप राहा. मी तुमच्यात उभा राहणार नाही. माझं चूप राहणं खूप झालं. तुम्ही उभे असाल तेवढ्यात मी ठाण्याच्या वाटेले लागतो, बयान बदलायले. शेठजी, यायचं असेल तर चला.