खांबावरची काच

उज्ज्वला : म्हणजे आणखी एक वर्ष? चेअरमनसाहेब, ही तिसरी मुदतवाढ होईल.

बंकटराव : व्हऊ द्या की. मॅडम, तुमी इंजिनिअर, तुमची एक सही, बास. नगरपालिकेची नोटीस म्हणती, तीस वर्सं झालेली इमारत तपासून घ्या. घेतली. खांबाची दुरुस्ती करा म्हणती. करणार हाव. कवा करायची, ते लिवलंय का?

उज्ज्वला : लिहिलंय. तीन महिन्यांत. नोटीस सहा वर्षांपूर्वीची आहे.

बंकटराव : त्या वर्सी दुसऱ्या मजल्यावर लगीन हुतं. मग चौथ्यावरच्या पोरीची बारावी. ठोकाठोकी करून तिला नापास करावं का? त्याच्या म्होरं माझा माजलगावचा ऊस तुटंना.

उज्ज्वला : उसाचा आणि खांबाचा काय संबंध?

बंकटराव : मी फडात, तर सोसायटीची मीटिंग कोन घेणार? आन् खरं सांगू, ह्या इमारतीला घाई न्हाई. किल्लारीचा भूकंप झाला तवा आख्खं अंबाजोगाई घराबाहेर पळालं. आमच्या इथं लोक बाहेरून आत पळत आले. मी सोता जिन्यात उभं राहून समद्यांला चहा वाटला.

उज्ज्वला : पहाटे चार वाजता.

बंकटराव : दूध शिळं हुतं, तेवढीच हळहळ.

उज्ज्वला : गोष्ट छान आहे. पण मी गोष्टीवर सही देत नाही, काचेवर देते. या भेगेवर ही काचेची पट्टी मी तीन वर्षांपूर्वी आडवी चिकटवली. भेग वाढली की काच फुटणार. ती फुटली नाही, म्हणून तर दोनदा मुदत दिली.

बंकटराव : आन् बगा की, कशी हाय! ओरखडा न्हाई.

उज्ज्वला : खरंच नाही. धूळसुद्धा नाही.

बंकटराव : ही समदी रतनबाईची किरपा. ह्यो खांब त्यांच्याच दाराम्होरं. या बाई, या. मॅडमला सांगा, काच किती जपता ते.

रतनबाई : जपावीच लागती. फुटकी काच दारात म्हंजी अवदसा. तडकली की मी लगी बदलती.

उज्ज्वला : काय बदलता?

रतनबाई : काच. पीठ कालवून चिकटवून बघितली, ऱ्हाईना. मग तुमच्यासारखा मसाला आनला.

उज्ज्वला : मावशी, तिच्यावर माझी सही आहे. तारीख आहे.

रतनबाई : ती संगीता काढती, आमची सून. रांगोळीत दोनदा नंबर आलाय तिचा.

उज्ज्वला : माझी सही काढते?

रतनबाई : तुमच्यापरीस बरी येती, मॅडम. तुमची लई पळती.

उज्ज्वला : आतापर्यंत किती बदलल्या?

रतनबाई : पयल्या वर्साला दोन. एक दिवाळीला, एक शिमग्याला. औंदा काचवाला डझनानंच देतो. त्याला वाटतं, आमी देवांच्या तसबिरी करून इकताव.

बंकटराव : बाई, हे मला कावून न्हाई सांगितलं?

रतनबाई : सांगून तुमी काय केलं असतं, चेरमनसाब?

बंकटराव : मीटिंग घेतली असती.

उज्ज्वला : मावशी, ही काच कधी बसवली?

रतनबाई : आज सकाळच्याला. तुमी येणार म्हणून.

उज्ज्वला : त्याच्या आधीची?

रतनबाई : ती काल दुपारची. रातीतच गेली.

(खांबावरून ‘टिच्’ असा बारीक आवाज येतो.)

रतनबाई : थांबा, घरात आनखी दोन हायत.

उज्ज्वला : नको. मावशी, सुनेला हाक मारा आणि दोघी रस्त्यापलीकडं जाऊन उभ्या राहा. चेअरमनसाहेब, सोळाही घरं रिकामी करायची. आत्ता.

बंकटराव : मॅडम, बोटाएवढ्या काचेपायी? उद्या सकाळी समद्यांला बोलवतो, बसून इचार करू.

उज्ज्वला : कुठं बसून?

बंकटराव : ...व्हय. तेबी हाय.

उज्ज्वला : मी पालिकेला आणि अग्निशमनला फोन करते. माझंही चुकलंय, तेही सांगते. लोकांना तुम्ही सांगा. ते तुमचंच ऐकतात.

बंकटराव : सहा वर्सं मीच सांगत आलो, काई व्हत न्हाई म्हणून. आता कंच्या तोंडानं सांगू?

रतनबाई : त्याच तोंडानं सांगा. वळखीचं हाय. आन् तुमची कारभारीण छबुबाई वर एकलीच हाय न्हवं, तिसऱ्या मजल्यावर? तिच्यापसून धरा.

बंकटराव : हॅलो. छबु, मी खालून बोलतोय. हातातलं ठिव आन् जिना उतर. ...न्हाई, पाव्हणे न्हाई आले. येता येता समद्यांची दारं वाजीव, सांग मी बोलिवलंय. ...न्हाई, सामान कायबी नको. ...अगं, कुलूप लावत बसू नको.