चौकोन होते तोवर

चहा गार झाला तर होऊ दे, आधी हे ऐका. कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून तर आमच्या गावच्या दूध संस्थेनं सभेसाठी आलेख काढायला मलाच बोलावलं. चार वाड्या, चार रेघा, वर्षभराचं दूध. पडद्यावर आलेख टाकला आणि बघते तर वाड्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन!

"फॉन्टचा प्रॉब्लेम आहे. सॉफ्टवेअरनं घेतलेल्या फॉन्टात मराठी अक्षरंच नाहीत. दोन मिनिटं द्या," मी म्हटलं.

"असू द्या की," पुढच्या रांगेतले तात्या म्हणाले. त्यांचा जन्म संस्थेत दूध मोजण्यात गेलेला. "ही चैतात खाली गेलेली रेघ माळवाडीची हाय. जोतिबाच्या यात्रेला तिथं घराघरात पावणं असत्यात. दूध डेअरीला येतंय कुठलं?"

मी नुसती हसले. मराठी फॉन्ट निवडला, आलेख पुन्हा काढला. नावं अशी ठसठशीत उमटली की सभेनं टाळ्या वाजवल्या. चैत्रात खाली गेलेल्या रेघेवर नाव होतं, 'खालची वाडी'.

"बघा तात्या!"

"बघितलं की. नाव चुकलंया."

मी तावातावानं मूळ तक्ता उघडला. त्या दोन वाड्यांच्या नावांची अदलाबदल मीच करून ठेवली होती.

तात्या मागं वळून सभेला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पण चौकोन हुतं तवर गिराफ बरोबर हुता!"