हरिहरेश्वरचा गोटा

(देऊळघाट. गोजरबाईच्या नवऱ्याचं, पुंजाजीचं, आज वर्षश्राद्ध. अंगणातल्या चुलीवर वरणाचा मोठा गंज चढला आहे. चुलीपाशी सून तानुबाई, ओट्यावर बुलढाण्याहून आलेले लक्ष्मीकांत भटजी. गोजरबाई कालच कोकणातून परतली आहे.)

गोजरबाई : बोचक्यात नाई, खाटेखाली नाई, तुयशीपाशी नाई. मंग गेला कोठी? पाय फुटले काय त्याले?

तानुबाई : कोनाले, आत्याबाई? सकायपासून इचकून राह्यल्या तुमी. नाव तं सांगा.

गोजरबाई : काल गाडीतून उतरल्या उतरल्या सांगतलं ना तुले. तुह्या मामंजीसाठी समुद्र आनला म्हनून.

तानुबाई : तो तं हाय. देवापाशी ठेवला म्या. हयद-कुंकू लावलं, फूल वाह्यलं. महाराजाले आल्या आल्या तीर्थ बी देल्लं.

लक्ष्मीकांत : हो, घेतलं मी.

गोजरबाई : काय देल्लं?

तानुबाई : समुद्राचं पानी. बोचक्यातल्या शिशीतलं.

गोजरबाई : लाकडी बुचाची शिशी?

तानुबाई : हाव.

गोजरबाई : पोरी, तो माह्या पोटदुखीचा ओव्याचा अर्क व्हय.

लक्ष्मीकांत : ओव्याचा? तरीच. मी मघापासून विचारात पडलो होतो. पुराणात सात समुद्र सांगितलेत. खारट पाण्याचा, उसाच्या रसाचा, तुपाचा, दह्याचा. तिखटाचा कुठंच नाही. म्हटलं, राहिला असेल लिहायचा.

गोजरबाई : किती घेतला?

लक्ष्मीकांत : दोन पळ्या. दुसरी श्रद्धेनं मागून घेतली.

गोजरबाई : म्या एक चमचा घेतला का पाटीभर भाकरी खातो. दोन पयी म्हंजे तुमचं आज कठीन हाय.

लक्ष्मीकांत : ते जाणवतंय. तानुबाई, वरणाला किती वेळ?

तानुबाई : डाय निबर हाय, महाराज. आता कोठी कढ आला. पन आत्याबाई, ती शिशी समुद्र नाई, तं मंग समुद्र म्हंजे तुमी आनलं काय?

गोजरबाई : गोटा.

तानुबाई : गोटा?

गोजरबाई : दोन नारयाएवढा काया गोटा. जुन्या हिरव्या लुगड्यात बांधेल व्हता. बोटीत मांडीवर, आगगाडीत मांडीवर, मलकापुरापासून बैलगाडीत मांडीवर. तू काऊन अशी पाहून राह्यली?

तानुबाई : ते लुगडं म्या धुवाले टाकलं.

गोजरबाई : टाकू दे. त्यातला गोटा?

तानुबाई : मले वाटलं, गाडीत बोचकं हालू नये म्हनून यायनं घातला असन. यायचं डोकं तसंच चालते.

गोजरबाई : माह्या पोराचं डोकं राहू दे. गोटा कोठी टाकला?

तानुबाई : टाकला नाई, आत्याबाई. कामाले लावला.

गोजरबाई : कोन्या कामाले?

तानुबाई : गंज मोठा. चुलीले एक गोटा कमी पडत व्हता.

गोजरबाई : म्हंजे या चुलीत हाय तो?

तानुबाई : तिन्हीतला एक.

गोजरबाई : कोनता?

तानुबाई : आता तिन्ही काये झाले. पहिले बी कायेच व्हते.

गोजरबाई : उतरव तो गंज.

लक्ष्मीकांत : अहो, थांबा. शिजतं अन्न मध्येच उतरवू नये, असं आहे.

गोजरबाई : कोन्या पोथीत हाय?

लक्ष्मीकांत : असेलच कुठंतरी. आधी माझं ऐका. चिरंजीव किसनराव तुमच्याबरोबर होते ना? ते नदीवर गेलेत, येतील आता. तेच ओळखतील.

गोजरबाई : किसना? तो बोटीत बसला अन् ओकाले लागला. आगबोटीतून आमाले पडावात उतरोलं, तवाई ओके. पडावातून कोयी लोक खांद्यावर घेऊन काठाले नेत, तं त्याच्या खांद्यावर बी ओकला. देवाच्या दारी पोचला अन् ओवरीत आडवा झाला. समुद्र दिसू नये म्हनून तोंडावर धोतर. त्याले गोटा काय दाखोता, त्यानं समुद्र बी नाई पाह्यला.

तानुबाई : अन् इथं येऊन मले सांगून राह्यले का मोठ्या मोठ्या लाटा व्हत्या.

गोजरबाई : त्या त्याच्या पोटात व्हत्या.

लक्ष्मीकांत : बरं, मग असं बघा गोजरबाई. दगड शेवटी दगड. आपण मनात भाव धरावा आणि कुठलाही एक...

गोजरबाई : कुठलाबी एक? महाराज, तुमीच सांगतलं व्हतं ना, का पुंजाजी, वावराच्या ईशान्येच्या कोन्यात इहीर खंदा, पाटाएवढं पानी लागन?

लक्ष्मीकांत : तो विषय आज...

गोजरबाई : आजच. वर्साचा दिवस हाय त्यायचा. जवानीत खंदाले लागले ते म्हातारे झाले. वरती हातभर माती, अन् मंग खाली काया पत्थर. सुरुंग लावले, पहारी मोडल्या, दोन बैल थकले. पत्थर काई सरला नाई. गावातले लोक पाव्हन्याले घेऊन येत, का चाला, पुंजाजीची कोरडी इहीर पाहू.

लक्ष्मीकांत : पाणी आहे त्या जागी. मी आजही सांगतो. फक्त खाली आहे.

गोजरबाई : खाली तं पातायात बी हाय.

तानुबाई : आत्याबाई, नागपूरहून तो सायेब आला व्हता ना, इहिरी पाहाले?

गोजरबाई : आला व्हता. टोपीवाला. हातोडीनं ठोकून पाह्यलं अन् सांगतलं, म्हातारबा, हा खडक इथून समुद्रापावतर असाच हाय. तवापासून त्यायचं चित्तच उडालं. जेवता जेवता घास हातात धरून बसत अन् म्हनत, समुद्रापावतर? सायेबानं काय चालून पाह्यलं? कोठीतरी सरतच असन ना लेकाचा. मरायच्या आदल्या दिवशी बी त्यायले देव नाई आठोला, पोरगं नाई आठोलं. म्हने, तो पत्थर कोठीलोक जाते, ते समजलं असतं तं बरं झालं असतं.

लक्ष्मीकांत : म्हणून तुम्ही हरिहरेश्वरला गेलात? मला वाटलं, पुण्यासाठी.

गोजरबाई : पुन्य बी भेटलंच असन संगं. गेली म्या पत्थराचं टोक पाहाले. देवाच्या मागं पायऱ्या हायेत, दोन खडकांच्या मधून खाली. चिंचोया. म्या आडवी होऊन उतरली. अन् खाली पाहातो तं काय, आपलीच इहीर. तोच काया पत्थर, तोच रंग, तशाच भेगा. फक्त इहीर आतून पाहातो आपन, अन् तिथं ती जशी कोनं उलटी करून ठेवली. समुद्रानं खाऊन खाऊन त्याले अशी भोकं पाडलीत, जसं मधाचं मोहोय. आपल्या घरी सुरुंगानं जे झालं नाई, ते तिथं पानी करून राह्यलं.

तानुबाई : भ्या नाई वाटलं तुमाले?

गोजरबाई : वाटलं तं. गुरव म्हने, बाई, आता समुद्र मागं गेला हाय, तो परत याच्या आत फेरी उरकून घ्या. म्या म्हटलं, परत येते? आमच्याकडे पानी एकदा गेलं का गेलं. तो म्हने, इथं रोज जाते अन् रोज येते. म्या म्हटलं, मंग आमच्याकडे कोनी काऊन सांगतलं नाई त्याले परत याले?

लक्ष्मीकांत : आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली?

गोजरबाई : झाली. अर्ध्यात पाय थांबले माहे. पुढे खडक नाई. पानीच पानी, आभायापावतर. म्या तिथं हात टेकोला अन् मोठ्यानं म्हटलं, अहो, हे पाहा, इथं सरला. गुरव म्हने, कोनासंगं बोलता? म्या म्हटलं, तू तुही घंटा वाजव.

तानुबाई : अन् गोटा?

गोजरबाई : तिथंच पडेल व्हता, पान्यानं घासून गोल झालेला. त्यानं इचारलं, गोटा काऊन नेता बाई, तुमच्याकडे गोटे नाईत काय? म्या म्हटलं, गोटेच हायेत. आज तो इहिरीच्या काठावर ठेवाचा व्हता. त्यायले दाखवाचा व्हता, का हे टोक. अन् तू त्याच्यावर डाय शिजवून राह्यली.

तानुबाई : मले माहीत असतं तं म्या असं केलं असतं काय? आता रडू पन नाई येऊन राह्यलं, धुरानंच येऊन गेलं सारं.

लक्ष्मीकांत : गोल झालेला म्हणालात ना? मग गोल दगड तो. सोपं आहे.

तानुबाई : तिन्ही गोलच हायेत, महाराज. दोन नदीचे.

लक्ष्मीकांत : मग चाटून पाहावं. खारट लागेल तो खरा.

गोजरबाई : चाटा.

लक्ष्मीकांत : आत्ता? खाली जाळ आहे.

गोजरबाई : दोन पयी अर्क पेले तुमी श्रद्धेनं. आता श्रद्धा कोठी गेली?

तानुबाई : खारट लागून बी काई समजनार नाई, आत्याबाई. मघा वरन उतू गेलं. मीठ तिन्हीवर सांडलं.

लक्ष्मीकांत : झालं तर मग. गोजरबाई, मी दक्षिणेसाठी नाही बोलत, मनापासून बोलतोय. विहिरीच्या जागेचं माझं चुकलं असेल. पुंजाजी कधी बोलले नाहीत मला. दर संक्रांतीला तिळाची पुरचुंडी पाठवायचे.

गोजरबाई : ते बोलाचे नाईत कोनालेच. पत्थरासंगं बोलत.

लक्ष्मीकांत : आता काय करायचं, तुम्ही सांगा. म्हणाल तर गंज उतरवतो मी स्वतः. उपाशी राहीन.

गोजरबाई : उपाशी नका राहू. गावाले जेवन सांगतलं हाय, शिजू द्या. जेवनं झाली का चूल थंडी होईन. मंग किसनाले गाडी जुंपाले सांगू, अन् तिन्ही गोटे घेऊन जाऊ रानात, इहिरीवर.

तानुबाई : तिन्ही? अन् मामंजीले काय सांगान?

गोजरबाई : जे हाय ते. एक समुद्राचा हाय, दोन नदीचे हायेत. सुनंनं मिसयले. जिंदगीभर पत्थर फोडला तुमी, आता वयखा, त्यातला कोनता.

तानुबाई : अन् नाई वयखला तं?

गोजरबाई : तं बसतीन हातात घेऊन, फिरवत. दुसरं काम काय हाय त्यायले आता.