बावन्न मिनिटांची फेरी

…नाही मामा, आधी माझं पुरतं ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला — म्हणजे तोंडातला तंबाखू संपल्यावर. घाई नाही. सासूबाई आत, बकुळा आत, आपण दोघंच आहोत असं धरू — मधली भिंत फळ्यांची आहे हे मला दिसतंय, तरी धरू. मी तुमच्या लेकीला न्यायला आलोय, सरळ सांगतो. सोमवारी संध्याकाळी ती पिशवी घेऊन लालबागहून निघाली ती थेट तुमच्याकडे भोईवाड्याला, आज गुरुवार, आणि कशावरून गेली ते मला अजून कळलेलं नाही. देवाशप्पथ नाही. तुम्हाला सांगितलं तिने? अशी मान हलवू नका, होय की नाही तेच कळत नाही. लग्नाला चार वर्षं झाली मामा, या रघूने कधी हात उगारला? कधी आवाज चढवला? दारूचं तर नावच नको, मला ताकसुद्धा चढतं. मग राहिलं काय? माझं काम. लोकांना वाटतं तिचं डोकं माझ्या कामाने फिरलं. म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला काम समजावून सांगतो, म्हणजे तुम्हीच न्याय करा.

लग्न जमवताना मधल्या माणसाने तुम्हाला सांगितलं होतं, मुलगा यंत्रावर असतो. तुम्ही विचारलंत, कुठल्या मिलमध्ये, कुठल्या खात्यात — तिथेच सगळा घोटाळा झाला. मिल नाही मामा. फोर्टातलं हापिस. विलायतेहून आलेलं गणिताचं यंत्र, सहा कपाटं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं. बंदरात बोटी लागतात, त्यांना भरती कधी, ओहोटी कधी, हे आधी कळावं लागतं, त्याचे वर्षभराचे तक्ते आम्ही यंत्राकडून काढून घेतो. यंत्राला मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही, कळतात फक्त आकडे. तेव्हा एकेक हुकूम आकड्यांत लिहायचा — हा आकडा उचल, त्यात तो मिळव, इथे ठेव. असे अकराशे हुकूम. आणि ते राहतात कुठे? तर ढोलावर. आत एक ढोल आहे, गरागरा फिरतो, त्याच्या अंगावर हुकूम लिहिलेले — दिसत नाहीत, पण असतात — आणि वर एक वाचणारं डोकं, एका जागी बसवलेलं. हुकूम फिरत फिरत त्या डोक्याखाली आला की वाचला जातो. आता गंमत बघा. साधा माणूस काय करील? लागून लागून लिहील, पहिला, दुसरा, तिसरा. चूक. का चूक? कारण पहिला हुकूम पार पाडेपर्यंत ढोल पुढे सरकलेला, दुसरा डोक्याखालून निसटलेला, मग बसा अख्खी फेरी पूर्ण व्हायची वाट बघत. ट्रॅम डोळ्यांदेखत सुटली, की ती दादरला जाऊन वळून येईपर्यंत आपण उभे असतो ना, तसं. म्हणून दुसरा हुकूम लागून लिहायचाच नाही, मधे सात-आठ घरं सोडून लिहायचा, म्हणजे यंत्राचा हात मोकळा होतो त्याच वेळेला हुकूम समोर हजर. हे मी शोधलं. म्हणजे विलायतेत आधी कोणी शोधलं असेल, पण लालबागमध्ये मी. साडेतीन महिने बसून एकेका हुकुमाला जागा शोधून दिली, आणि जो तक्ता सहा तास खायचा तो एक तास दहा मिनिटांत बाहेर. आमचे वरचे दस्तूरसाहेब म्हणाले, रघू, तू डोक्याने नाही, ढोलाने विचार करतोस. मी घरी येऊन बकुळेला सांगितलं. ती म्हणाली, ते दिसतंच आहे.

बरं, एवढं यश मिळाल्यावर माणूस हापिसातच कसा थांबेल? आमची खोली दहा बाय बारा. बकुळा स्टोव्हपाशी, आणि हाताशी डबे एका ओळीत — मोहरी, हळद, तिखट, मीठ. मी म्हटलं, अगं ही शिकाऊ उमेदवाराची मांडणी झाली. ती देवळात गेली होती तेवढ्यात मी सगळं हलवलं. मोहरी स्टोव्हपाशीच, हळद आरशामागे, तिखट ट्रंकेवर, मीठ खिडकीत, गूळ माझ्या बुटांशेजारी — बूट पुसलेले होते मामा. फोडणी टाकून हात मोकळा झाला की अंग वळतं, वळलं की समोर हळद. अट एकच, कायम उजवीकडे वळायचं. ढोल उलटा फिरत नाही. हळद चुकली तर मागे जायचं नाही, पुरी गिरकी घेऊन पुन्हा यायचं. ऐकायला कसंतरी वाटेल, पण आमटी चार मिनिटं आधी झाली, मी मोजली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मीराबाई दारात आल्या, बघतात तो बकुळा गिरक्या घेतेय, हातात पळी, अंबाडा सुटलेला, तोंडाने ‘मीठ गेलं, मीठ गेलं’ — त्यांनी जागीच हात जोडले. त्यांना वाटलं अंगात आलं. पळत जाऊन कुंकू आणलं, हिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि विचारलं, आई, आमच्या जावयाची बदली कधी होईल? इकडे आमटी उतू चाललेली. बकुळा म्हणाली, श्रावणात, आता सरका. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पाच नारळ. आता तुम्ही म्हणाल, यावरून चिडली असेल. छे. पोट धरधरून हसली, नारळाच्या वड्या केल्या, पहिली मला भरवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गिरक्या सुरू. मी एवढा खपलो ते वाया जाऊ नये म्हणून — हे ती म्हणाली नाही, हे मला आत्ता तुमच्यासमोर बोलताना सुचतंय.

लोकांना सुधारणा नको असते, हेही खरं. खालच्या खोलीतले नाना, आमच्या चाळीतलं समितीचं सगळं तेच बघतात — त्यांच्याकडे मी आपणहून गेलो होतो. म्हटलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, घोषणा उत्तम आहे, पण यातला ‘च’ नेमकं काय काम करतो? काढून टाकला तर मागणी तीच राहते, आणि दिवसातून हजारदा ओरडायचं तर घसा किती वाचतो. नानांनी चप्पल काढली. म्हणाले, रघ्या, अख्खी चळवळ त्या ‘च’वर उभी आहे. असेल बाबा. मी एवढंच म्हणत होतो, की एकदा मोजून बघायला काय हरकत होती? — हसलात. हसलात ना मामा? बरं, तंबाखू सांभाळा.

तर मुद्दा असा, की डबे लावून झाल्यावर मी बकुळेचा अख्खा दिवस वहीत उतरवला. दोनशे बारा हुकूम निघाले. नळावरच्या खेपा कमी केल्या, भांडी आणि केर यांची अदलाबदल केली, आणलं एकशे चाळीसवर. तिने काही म्हणजे काही विरोध केला नाही. पण एक हुकूम माझ्या डोळ्यांत सलत होता. संध्याकाळी साडेपाच झाले की ही गॅलरीत जाऊन उभी राहायची. वाळलेले कपडे काढायचे नाहीत, कोणाशी बोलायचं नाही, काही निवडायला घ्यायचं नाही. नुसती उभी, रस्त्याकडे तोंड करून. साडेपाचपासून असते हे मला मीराबाईंकडून कळलं. मी विचारलं, कशाला उभी असतेस गं? तर म्हणाली, असंच. असंच म्हणजे काय मामा? अकराशे हुकुमांत मला एकही ‘असंच’ सापडला नाही. मी म्हटलं, ती जागा मी तांदूळ धुण्याला देतो. एवढ्या एका गोष्टीला ती नाही म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणाली. मग मी ठरवलं, हे एकदा डोळ्यांनी बघून, घड्याळ लावून मोजायचं. पण मोजायचं कसं? त्या वेळेला मी ट्रॅममध्ये असतो.

आणि सोमवारी संधी चालून आली. लालबागला मोर्चा होता, तुम्हीही गेला होतात म्हणे. ट्रॅम भायखळ्यालाच थांबवल्या, पुढे पोलिसांच्या गाड्या, अश्रुधुराने डोळे चुरचुरायला लागले. मी उतरलो, गल्ल्यागल्ल्यांतून चालत आलो, पुढचा रस्ता बंद म्हणून चाळीच्या मागच्या जिन्याने वर. आमच्या खोलीला मागे बोळात एक दार आहे, नळाकडे जायचं. त्यातून आत आलो, बघतो तर बकुळा समोर गॅलरीत, पाठमोरी. म्हटलं वा, हीच वेळ. चपला हातात घेतल्या, हळूच ट्रंकेवर बसलो, तिखटाचा डबा मांडीवर, वही डब्यावर. श्वाससुद्धा जपून, कारण मी आलोय हे तिला कळलं तर माप बिघडतं. सहा पाच, उभी. सहा दहा, उभी. सव्वासहा, कठड्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली, परत आली. सहा वीस, खालून नाना कोणाला तरी ओरडून सांगत होते, भायखळ्याला ट्रॅमी अडवल्यात, पळापळ झालीय — हिने कठडा दोन्ही हातांनी धरला. मी लिहिलं, कारण अज्ञात. साडेसहा, पदराचं टोक तोंडात. पावणेसातला मीराबाई आल्या आणि हिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी उभ्या राहिल्या, म्हणजे आता एकाच्या जागी दोन माणसं अडकली, आणि हातात काहीच नाही. बावन्न मिनिटं मामा. शेवटी मलाच भूक लागली. मी ट्रंकेवरूनच म्हटलं, बकुळा, बावन्न मिनिटं झाली, कशासाठी उभी आहेस?

ती वळली. माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग वहीकडे. मग जवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, खांदे चाचपले, दंड चाचपले, पडलेल्या पोराला कुठे लागलंय का बघतात तसं. मला वाटलं आता चहा ठेवते. तर खुंटीवरची पिशवी काढली, दोन लुगडी कोंबली आणि डावीकडे वळून दाराबाहेर. डावीकडे. मीराबाईंनी तर माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं नारळ परत मागतात. आता सांगा, यात माझं चुकलं काय?

नाही, मी विचार केलाय. तीन दिवस वही घेऊन बसलोय, हापिसातही तीच उघडून. यंत्रात असे फेरे असतात मामा. हुकूमच तसा असतो, की अमुक गोष्ट होईपर्यंत इथेच फिर, झाली की पुढे जा. आता ती गोष्ट झालीच नाही तर यंत्र फिरतच राहतं, तापतं, पण जागा सोडत नाही. त्याचा त्यात दोष नाही. आपण बघायचं, की हे कशाची वाट बघतंय. असं काही अडकलं की दस्तूरसाहेब दुसऱ्या कोणाला हातही लावू देत नाहीत, मला बोलावतात, आणि मी दोन मिनिटांत सांगतो, साहेब, याला हे हवंय, ते मिळालेलं नाही. दोन मिनिटांत. आणि बकुळेचं मला तीन दिवस झाले तरी — खोली खायला उठते मामा. काल मी भात केला, मीठ घ्यायला खिडकीकडे वळलो आणि तिथेच उभा राहिलो, भात करपला. मला ती परत हवी. डबे कसेही ठेवू दे.

उठलात? हां, थुंकून या, मी बसलोय. — या. काय म्हणालात? रोज आत कधी जाते? रोज एवढं लांबत नाही हो, दहा-बारा मिनिटं, फार तर पंधरा. सोमवारीच काय बिघडलं कोण जाणे. रोजचं तर ठरलेलं. ट्रॅम येते, चाळीसमोरच थांबते, मी उतरतो, वर बघतो, ती आत जाते, मी जिना चढेपर्यंत चहाचं आधण —

मी उतरतो, वर बघतो —

मामा.

तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? पहिल्यापासून? आणि मला इतका वेळ बोलू दिलंत. मी तिच्या मागे चार हातांवर बसून होतो मामा. ती पदर चावत होती आणि मी लिहीत होतो.

नको, तिला हाक मारू नका. आत जाऊन मी काय सांगणार, आणि तिने सगळं ऐकलंच आहे. तुमचीही गॅलरी रस्त्याच्या अंगाला आहे ना? मी खाली जातो आणि समोरच्या फुटपाथवर उभा राहतो, वर तोंड करून. ती बाहेर येईपर्यंत. — किती वेळ? ते कसं सांगू मामा, येईल तेव्हा येईल. नाही सासूबाई, चहा नको, तुम्ही बसा.