रुळांखालचं शेत

शारजात बसच्या रांगेत पुढच्या दोघांना मराठी बोलताना ऐकून दौलतने कान टवकारले.

"हारुनभाई, आमचा रशियन फोरमन सांगतो, त्यांच्याकडे जमिनीतला बर्फ वितळला की माती लोण्यासारखी होते आणि रूळ खचतात."

"त्याला बर्फ कशाला हवा, सुदेश? तुमच्या खाडीकाठच्या शेतातला रेल्वेचा भराव पावसात खचायचाच ना?"

"संध्याकाळी टाकलेली माती सकाळी गायब! शेवटी टिकला एकदाचा."

"शेत गेलं तेव्हा तुझा बापूस म्हणाला होता, या गाडीत पाय ठेवणार नाही."

"आता बसतो की. पण आमचं शेत आलं की चपला काढतो."

"धावत्या गाडीत?"

"म्हणतो, पेरल्या शेतात कोणी चपला घालून जातं काय?"